हिटलर हरला, मग भांडण कशावरून? शीतयुद्धाची सुरुवात समजून घेताना

अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातलं शीतयुद्ध का झालं, या प्रश्नाला आपल्याकडे एक तयार उत्तर असतं. एकीकडे साम्यवाद, दुसरीकडे भांडवलशाही, दोघांचं पटणं शक्यच नव्हतं. उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. विचारांचं वैर तर १९१७ च्या रशियन क्रांतीपासूनच होतं. १९१८ मध्ये अमेरिकी सैनिक रशियाच्या उत्तरेला अर्खांगेल्स्कला आणि पूर्वेला व्लादिवोस्तोकला उतरले होते. सोव्हिएत सरकारला अमेरिकेने मान्यता दिली ती थेट १९३३ मध्ये. तरीही १९४१ ते १९४५ या काळात हेच दोन देश एका बाजूने लढले. पुढे साम्यवादी युगोस्लाव्हियाला अमेरिकेने मदत केली आणि १९७२ मध्ये निक्सन माओंना भेटायला चीनला गेले. म्हणजे विचार जुळत नसतानाही जमवून घेता येत होतं. मग १९४५ नंतर का जमलं नाही?

मला पटतं ते उत्तर असं. जर्मनी कोसळल्यावर युरोपच्या मधोमध सत्ताच उरली नाही. त्या रिकाम्या जागेत पूर्वेकडून सोव्हिएत फौजा आल्या, पश्चिमेकडून अमेरिकी आणि ब्रिटिश. दोन्ही बाजूंना पुढची पन्नास वर्षं सुरक्षितता हवी होती, पण एकाला जे केल्याने सुरक्षित वाटत होतं, नेमकं त्यानेच दुसऱ्याची झोप उडत होती. हा गुंता सोडवायला थोडा विश्वास लागला असता, आणि विश्वास तर युद्ध चालू असतानाच आटत गेला होता.

आधी दोघं युद्धातून कोणत्या अवस्थेत बाहेर पडले ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं गेली. अमेरिकेची गेली सुमारे ४ लाख. सोव्हिएत आकडेवारीनुसार त्यांची १,७०० शहरं आणि ७०,००० खेडी उद्ध्वस्त झाली. लेनिनग्राडला वेढा पडला तो जवळपास नऊशे दिवस, आणि तिथे लाखो माणसं भुकेने मेली. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या एकाही शहरावर बॉम्बवर्षाव झाला नाही. उलट युद्धाच्या मागणीमुळे तिथले कारखाने रात्रंदिवस चालले आणि महामंदी संपली. युद्ध संपलं तेव्हा जगातल्या औद्योगिक उत्पादनाचा जवळपास निम्मा वाटा एकट्या अमेरिकेचा होता. एक देश रक्तबंबाळ होऊन जिंकला होता, दुसरा श्रीमंत होऊन.

साहजिकच दोघांनी युद्धातून वेगवेगळे धडे घेतले. स्टॅलिनचा धडा भूगोलाचा होता. १९१४ मध्येही जर्मन आले ते पोलंडच्या सपाट मैदानातून, १९४१ मध्येही तिथूनच. याल्टाच्या परिषदेत त्याने हे स्पष्ट बोलून दाखवलं: पोलंड हा रशियावर चाल करून येणाऱ्यांचा रस्ता राहिला आहे. म्हणून पोलंडमध्ये, रुमानियात, हंगेरीत मॉस्कोला धार्जिणी सरकारं हवीत, आणि जर्मनी पुन्हा डोकं वर काढणार नाही इतका दुबळा हवा. अमेरिकेचा धडा अर्थकारणाचा आणि निवडणुकांचा होता. तिथल्या धुरीणांच्या मते १९३० च्या दशकात देशांनी आपापल्या बाजारपेठा बंद केल्या, मंदी वाढली, बेकारीतून हुकूमशहा जन्माला आले, आणि १९३८ मध्ये म्युनिकच्या करारात चेकोस्लोव्हाकियाचा भाग हिटलरला देऊन त्यांचे लाड केल्याने युद्ध ओढवलं. म्हणून व्यापार खुला हवा, सरकारं लोकांनी निवडलेली हवीत आणि आक्रमकाला पहिल्याच पावलाला अडवायला हवं. यातूनच १९४४ मध्ये ब्रेटन वूड्सला आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक ठरली. सोव्हिएत प्रतिनिधी त्या बैठकीला होते, पण नंतर त्यांचा देश त्यात सामील झाला नाही.

आता हे दोन धडे पोलंडवर लावून पाहा. पोलंडमध्ये खरोखर मोकळी निवडणूक झाली, तर रशियाला अनुकूल सरकार निवडून येईल का? अजिबात नाही. १९३९ मध्ये स्टॅलिनने हिटलरशी करार करून अर्धा पोलंड गिळला होता. १९४० मध्ये कातिन आणि आसपासच्या ठिकाणी सोव्हिएत गुप्त पोलिसांनी सुमारे २२,००० पोलिश अधिकारी आणि कैदी गोळ्या घालून मारले होते, आणि मॉस्को त्याचा दोष जर्मनांवर ढकलत होतं (खरी कबुली यायला १९९० उजाडलं). १ ऑगस्ट १९४४ ला वॉर्सामध्ये पोलिश भूमिगत सैन्याने जर्मनांविरुद्ध उठाव केला, तेव्हा लाल सेना, म्हणजे सोव्हिएत सैन्य, विस्तुला नदीच्या पलीकडे येऊन थांबलेली होती. उठाव ६३ दिवस चालला आणि चिरडला गेला. मदत टाकायला येणाऱ्या ब्रिटिश-अमेरिकी विमानांना स्टॅलिनने कित्येक आठवडे आपल्या धावपट्ट्या वापरू दिल्या नाहीत. असा इतिहास असलेले पोलिश लोक मॉस्कोच्या माणसांना मतं देतील कशी? म्हणजे पोलंडमध्ये स्टॅलिनची सुरक्षितता आणि अमेरिकेची मोकळी निवडणूक एकत्र नांदूच शकत नव्हत्या. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला ‘मुक्त निवडणुका’ या शब्दांवर अमेरिकेचे रूझवेल्ट, ब्रिटनचे चर्चिल आणि स्टॅलिन या तिघांच्या सह्या झाल्या, पण त्या शब्दांचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या सोयीने लावला होता.

आणि पुढच्याच महिन्यात त्याचा प्रत्यय आला. पोलिश भूमिगत चळवळीच्या १६ नेत्यांना सोव्हिएत अधिकाऱ्यांनी बोलणीसाठी म्हणून बोलावलं, अटक केली आणि मॉस्कोला नेऊन त्यांच्यावर खटला चालवला. सुरक्षिततेची गरज खरी होती, हे मी मान्य करतो. २ कोटी ७० लाख माणसं गमावलेल्या देशाची भीती खोटी म्हणणं माणुसकीला धरून होणार नाही. पण त्या भीतीवरचा उपाय म्हणून शेजाऱ्याचं तोंडच बंद करायचं, ही निवड स्टॅलिनची होती, आणि तिची जबाबदारी दोन्ही बाजूंवर सारखी वाटून टाकता येत नाही. त्याला दुसरा मार्ग माहीत होता. फिनलंड त्याच्या सीमेला लागून होता, त्याच्याशी युद्धही झालं होतं, तरी १९४८ मध्ये त्याच्याशी करार करून त्याचा कारभार त्याच्या लोकांकडेच राहू दिला गेला.

रशियाच्या बाजूनेही तक्रारींची यादी मोठी होती. फ्रान्समध्ये जर्मनीविरुद्ध दुसरी आघाडी उघडण्याचा शब्द रूझवेल्टने सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोटोव्हला १९४२ सालासाठी दिला होता. ती उघडली ६ जून १९४४ ला. मधल्या दोन वर्षांत जर्मन सैन्याचा मुख्य मार सोव्हिएत माणसं झेलत होती, आणि ‘आम्ही आणि जर्मन एकमेकांना मारून दमण्याची हे वाट पाहताहेत’ असा संशय मॉस्कोत मुरला. दुसरीकडे अमेरिकेने लेंड-लीज योजनेतून सुमारे ४ लाख ट्रक आणि जीप, शिवाय डबाबंद मांस, बूट, विमानं असं प्रचंड साहित्य पाठवलं होतं. पण मे १९४५ मध्ये जर्मनी शरण येताच ही मदत अचानक तोडण्याचा हुकूम निघाला आणि समुद्रात असलेली जहाजं माघारी वळवली गेली. काही दिवसांतच हुकूम सौम्य केला गेला, पण अपमान व्हायचा तो होऊन गेला होता. तोवर रूझवेल्ट गेले होते. १२ एप्रिल १९४५ ला त्यांचा मृत्यू झाला, आणि परराष्ट्र व्यवहारात फारसं न पडलेले हॅरी ट्रूमन एका दिवसात राष्ट्राध्यक्ष झाले.

अणुबॉम्बबद्दल बरंच लिहिलं जातं. १६ जुलै १९४५ ला न्यू मेक्सिकोत चाचणी यशस्वी झाली आणि दुसऱ्याच दिवशी विजेत्या नेत्यांची पॉट्सडॅमची परिषद सुरू झाली. २४ जुलैला ट्रूमन यांनी स्टॅलिनला सहज बोलल्यासारखं सांगितलं, की आमच्याकडे विलक्षण विध्वंसक असं एक नवं अस्त्र आहे. स्टॅलिनने फारसं आश्चर्य दाखवलं नाही, कारण क्लाऊस फुक्ससारख्या हेरांकडून त्याला बातमी आधीच पोचत होती. इथेच अविश्वासाचं एक संपूर्ण चित्र आहे: मित्रापासून लपवलेलं शस्त्र आणि मित्राच्या घरात पेरलेला हेर. तरीही माझ्या मते भांडणाचं मूळ बॉम्बमध्ये नव्हतं. बॉम्ब नसता तरी पोलंड आणि जर्मनीचा प्रश्न तसाच राहिला असता. बॉम्बमुळे झालं ते असं, की माघार घेणं ही दुबळेपणाची कबुली वाटू लागली.

१९४६ हे वर्ष शब्दांचं होतं. ९ फेब्रुवारीला स्टॅलिनने मॉस्कोतल्या बोल्शॉय नाट्यगृहातल्या भाषणात सांगितलं, की भांडवलशाहीच्या पोटातूनच युद्धं जन्म घेतात. ते ऐकून वॉशिंग्टनने मॉस्कोतल्या आपल्या वकिलातीला विचारलं, ही माणसं अशी का वागताहेत? २२ फेब्रुवारीला तिथले अधिकारी जॉर्ज केनन यांनी पाठवलेलं उत्तर ‘लांबलचक तार’ म्हणून प्रसिद्ध झालं. रशियन राज्यकर्त्यांच्या मनात पिढ्यानपिढ्यांची असुरक्षितता आहे, त्यांच्याशी कायमची तडजोड होणार नाही, पण ते धोका ओळखून मागे हटतात, म्हणून खंबीर राहा, असा त्याचा सारांश. ५ मार्चला फुल्टन या अमेरिकी गावात चर्चिलनी युरोपच्या मधोमध ‘पोलादी पडदा’ उतरला आहे, असं सांगणारं भाषण केलं. हे सगळं अनेकांना ठाऊक असतं. कमी लोकांना ठाऊक असतं ते असं, की त्याच वर्षी २७ सप्टेंबरला वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत निकोलाय नोविकोव्ह यांनीही मॉस्कोला तसाच एक लांब अहवाल पाठवला. त्यात म्हटलं होतं, की अमेरिकेला जगावर वर्चस्व हवं आहे आणि तिचे जगभर पसरत चाललेले लष्करी तळ त्यासाठीच आहेत. दोन हुशार माणसं, एकमेकांच्या राजधानीत बसून, एकमेकांबद्दल जवळपास एकच निष्कर्ष काढतात. शेताच्या बांधावर एकाने राखणीसाठी कुंपण घातलं की शेजाऱ्याला ते आपल्या जमिनीवर केलेलं अतिक्रमण वाटतं, तसं हे होत गेलं.

इराणने त्यात भर घातली. युद्धकाळात तिथे ब्रिटिश आणि सोव्हिएत फौजा होत्या आणि २ मार्च १९४६ पर्यंत त्यांनी निघायचं ठरलं होतं. सोव्हिएत फौजा मुदत उलटूनही राहिल्या, आणि दबाव आल्यावर मे महिन्यात निघाल्या. खंबीर राहिलं की रशिया मागे हटतो, हे केनन यांचं म्हणणं अमेरिकेला सिद्ध झाल्यासारखं वाटलं.

आता १९४७. शीतयुद्ध पक्कं झालं ते या वर्षात, असं मला वाटतं, आणि त्याची सुरुवात लंडनच्या रिकाम्या तिजोरीतून झाली. त्या हिवाळ्यात ब्रिटनमध्ये कडाक्याची थंडी आणि कोळशाची टंचाई होती, देश कर्जात बुडाला होता. २० फेब्रुवारीला पंतप्रधान ॲटली यांनी जून १९४८ पर्यंत भारत सोडण्याची घोषणा केली. दुसऱ्याच दिवशी, २१ फेब्रुवारीला, ब्रिटनने अमेरिकेला कळवलं, की ग्रीस आणि तुर्कस्तानला मदत देणं आम्हाला आता परवडत नाही. आपण पहिली घटना स्वातंत्र्याच्या इतिहासात वाचतो आणि दुसरी शीतयुद्धाच्या. प्रत्यक्षात एकच साम्राज्य आवराआवर करत होतं, आणि त्याने रिकाम्या केलेल्या जागांत कोण येणार, हाच नव्या भांडणाचा विषय होता.

१२ मार्चला ट्रूमन यांनी अमेरिकी संसदेकडे या दोन देशांसाठी ४० कोटी डॉलर मागितले. पण निव्वळ दोन देशांसाठी काटकसरी संसद पैसे देणार नाही हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी चित्र मोठं केलं: जगात दोन जीवनपद्धती आहेत, आणि दडपणाखाली असलेल्या स्वतंत्र लोकांना साथ देणं हे अमेरिकेचं धोरण असलं पाहिजे. ग्रीसबाबतीत मात्र एक मोठा गैरसमज होता. ऑक्टोबर १९४४ मध्ये मॉस्कोत चर्चिलनी एका कागदावर टक्के लिहून दिले होते: रुमानियात रशियाचा ९० टक्के प्रभाव, ग्रीसमध्ये ब्रिटनचा ९० टक्के. स्टॅलिनने त्यावर निळ्या पेन्सिलीने खूण केली, आणि ग्रीसपुरता तो शब्द बऱ्याच अंशी पाळला. डिसेंबर १९४४ मध्ये अथेन्सच्या रस्त्यांवर ब्रिटिश सैन्य डाव्यांशी लढत होतं तेव्हा तो गप्प राहिला. सरकारविरुद्ध लढणाऱ्या ग्रीक साम्यवादी बंडखोरांना खरी मदत करत होता तो युगोस्लाव्हियाचा टिटो, आणि त्याचं वागणं स्टॅलिनलाच खुपत होतं. वॉशिंग्टनला मात्र सगळीकडे एकच हात दिसत होता. एका मोठ्या देशाने घेतलेला इतका मोठा निर्णय अर्ध्या चुकीच्या वाचनावर आधारलेला होता, हे अभ्यासताना मला आजही अस्वस्थ करतं.

५ जूनला परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी हार्वर्डला युरोपच्या पुनर्बांधणीची कल्पना मांडली. पुढे १६ देशांना मिळून सुमारे १३ अब्ज डॉलर दिले गेले. हेतू एकच नव्हता. उपाशी युरोपबद्दल कळवळा होता, अमेरिकी मालाला गिऱ्हाईक हवं होतं, आणि फ्रान्स-इटलीत बळावलेल्या साम्यवादी पक्षांना रोखायचंही होतं. निमंत्रण रशियालाही होतं. मोलोटोव्ह सल्लागारांचा मोठा ताफा घेऊन पॅरिसला आला, म्हणजे मॉस्कोने दार लगेच लावून घेतलं नव्हतं. पण मदत हवी तर आपल्या अर्थव्यवस्थेचे आकडे उघड करा, नियोजन सगळ्यांनी मिळून करा, आणि त्यात जर्मनीच्या उद्योगालाही उभं करा, हे कळल्यावर तो निघून गेला. चेकोस्लोव्हाकियाने निमंत्रण स्वीकारलं होतं. जुलैमध्ये त्यांच्या मंत्र्यांना मॉस्कोला बोलावून ते मागे घ्यायला लावलं गेलं. परराष्ट्रमंत्री यान मासारिक यांना तेव्हाच कळून चुकलं, की आपण स्वतंत्र देशाचे मंत्री राहिलेलो नाही.

इथून पुढे पूर्व युरोपातली उरलीसुरली मोकळीक गेली. १९४५ मध्ये हंगेरीत बऱ्यापैकी मोकळी निवडणूक झाली होती आणि छोट्या शेतकऱ्यांचा पक्ष ५७ टक्के मतं घेऊन जिंकला होता. तो तुकड्या-तुकड्याने संपवला गेला. पोलंडमध्ये जानेवारी १९४७ ची निवडणूक दडपशाहीत पार पडली होती. विरोधी नेता मिकोवायचिक ऑक्टोबरमध्ये देश सोडून पळाला. सप्टेंबरमध्ये पोलंडमध्येच साम्यवादी पक्षांची बैठक होऊन कॉमिन्फॉर्म ही त्यांची सामाईक संघटना स्थापन झाली, आणि स्टॅलिनचा सहकारी आंद्रेई झ्दानोव्ह याने जाहीर केलं, की जग आता दोन छावण्यांत विभागलं आहे. त्या वाक्याचा धक्का आपल्यापर्यंतही पोचला. फेब्रुवारी-मार्च १९४८ मध्ये कलकत्त्याच्या अधिवेशनात भारतीय कम्युनिस्ट पक्षाने पी. सी. जोशींना बाजूला करून मुंबईचे बी. टी. रणदिवे यांना सरचिटणीस केलं आणि नेहरू सरकारविरुद्ध उठावाची भूमिका घेतली. गिरणगावातल्या कितीतरी कार्यकर्त्यांची उमेदीची वर्षं तुरुंगात आणि भूमिगत गेली, त्यामागे मॉस्कोतली ही मांडणीही होती. नेहरूंनी मात्र ७ सप्टेंबर १९४६ च्या रेडिओवरच्या भाषणातच सांगून ठेवलं होतं, की गटांच्या सत्तास्पर्धेपासून आपण शक्य तितकं दूर राहू.

फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रागमध्ये साम्यवाद्यांनी पूर्ण सत्ता ताब्यात घेतली. १० मार्चला मासारिक परराष्ट्र खात्याच्या अंगणात, खिडकीखाली, मृतावस्थेत सापडले. ती आत्महत्या की खून, यावर अजून वाद आहे. पश्चिम युरोपात मात्र जी भीती पसरली ती अगदी खरी होती, कारण चेकोस्लोव्हाकिया ही युद्धाआधी नांदती लोकशाही होती, आणि १९३८ मध्ये तिलाच हिटलरपुढे टाकलं होतं.

उरला मुख्य प्रश्न, जर्मनीचा. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ या चार विजेत्यांनी त्याचे चार भाग केले होते. सोव्हिएत क्षेत्राच्या पोटात सुमारे १६० किलोमीटर आत असलेल्या बर्लिनचेही चार भाग होते. रशियाला भरपाई हवी होती. याल्टाला १० अब्ज डॉलरचा आकडा चर्चेसाठी मान्य झाला होता. आपल्या क्षेत्रातले कारखाने, रूळ, यंत्रं ते उपटून नेत होते. त्याआधी आत शिरताना लाल सेनेने जर्मन स्त्रियांवर जे अत्याचार केले, त्यांच्या आठवणीही ताज्या होत्या, आणि जर्मन लोक कोणत्या बाजूला झुकणार हे ठरवण्यात त्यांचा वाटा होता. पश्चिमेच्या बाजूला वेगळी अडचण होती. आपल्या भागातल्या उपाशी जर्मनांना अमेरिकी आणि ब्रिटिश करदाते पोसत होते, आणि त्याच भागातून रशियाला भरपाईही जात होती. मे १९४६ मध्ये अमेरिकी सेनापती लुशियस क्ले यांनी ती भरपाई थांबवली. १ जानेवारी १९४७ ला अमेरिकी आणि ब्रिटिश क्षेत्रं आर्थिकदृष्ट्या एक झाली. पश्चिम जर्मनीतल्या रूर या औद्योगिक भागाचा कोळसा आणि पोलाद चालू झाल्याशिवाय पश्चिम युरोप उभा राहत नाही, असं अमेरिकेचं गणित होतं. तोच कोळसा आणि तेच पोलाद हिटलरचे रणगाडे घडवत होतं, हे रशिया विसरलेला नव्हता.

२० जून १९४८ ला पश्चिम क्षेत्रांत नवं चलन, डॉइच मार्क, आलं. जुन्या मार्काची किंमत इतकी गेली होती की लोक सिगारेटमध्ये व्यवहार करत. नव्या चलनानंतर दुकानांत माल दिसू लागला. पण वेगळं चलन म्हणजे वेगळा देश, हे स्टॅलिनला कळत होतं. २४ जूनला पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद झाले. शहरात २० लाखांहून जास्त माणसं होती. रस्ता फोडायचा तर युद्ध, सोडून जायचं तर पराभव. अमेरिका आणि ब्रिटनने सगळं विमानाने पोचवायला सुरुवात केली: पीठ, दुधाची भुकटी, औषधं आणि सर्वांत जास्त कोळसा. सुमारे २ लाख ७७ हजार फेऱ्यांत २३ लाख टन माल गेला. सोव्हिएत विमानांनी अधूनमधून त्रास दिला, पण एकही मालवाहू विमान पाडलं नाही. कितीही वैर असलं तरी थेट गोळीबार टाळायचा, हा अलिखित नियम इथे घडला, आणि पुढची चाळीस वर्षं युरोपात त्यानेच माणसं वाचवली.

१२ मे १९४९ ला नाकेबंदी उठली. तोवर ४ एप्रिलला १२ देशांनी नाटोचा, म्हणजे एकमेकांच्या संरक्षणाचा, करार केला होता. त्याच वर्षी पश्चिम आणि पूर्व जर्मनी असे दोन देश झाले, २९ ऑगस्टला सोव्हिएत अणुचाचणी झाली आणि १ ऑक्टोबरला माओंनी चीनचं प्रजासत्ताक जाहीर केलं. २५ जून १९५० ला उत्तर कोरियाने दक्षिणेवर हल्ला केला. पुढे खुल्या झालेल्या सोव्हिएत कागदपत्रांतून दिसतं, की किम इल सुंगने परवानगीसाठी स्टॅलिनचा पिच्छा पुरवला होता आणि १९५० च्या सुरुवातीला ती मिळाली. वॉशिंग्टनला मात्र वाटलं, ही रंगीत तालीम आहे, खरा हल्ला जर्मनीवर होईल. अमेरिकेचा संरक्षण खर्च काही वर्षांत तिपटीहून जास्त झाला. रशियाला थोपवण्याचा सल्ला देणारे केनन तक्रार करत राहिले, की मी राजकीय आणि आर्थिक उपाय सुचवले होते, तुम्ही त्याचं सैन्य केलंत.

कोरियानंतर अमेरिकेने मित्रराष्ट्रांकडे आग्रह धरला, की पश्चिम जर्मनीला पुन्हा सैन्य उभारू द्या. सर्वांत जास्त विरोध फ्रान्सने केला. चार वर्षं वाटाघाटी चालल्या, एक योजना फ्रेंच संसदेने १९५४ मध्ये फेटाळली, पण मे १९५५ मध्ये पश्चिम जर्मनी नाटोत दाखल झाला. स्टॅलिन तेव्हा हयात नव्हता. ज्या एका गोष्टीला तो सर्वांत जास्त घाबरत होता, ती त्याच्याच नाकेबंदीने आणि कोरियाला दिलेल्या परवानगीने जवळ आणली होती. त्याच महिन्याच्या १४ तारखेला सोव्हिएत संघाने पूर्व युरोपातल्या देशांना एकत्र करून स्वतःचा लष्करी करार केला. सह्या झाल्या त्या पोलंडच्या राजधानीत, वॉर्सामध्ये.